वफ्राचा रस्ता, जानेवारी

प्रद्युम्नच्या तक्त्यात आज लिहिलंय:
सायकल एकशेवीस, सपाट, सौम्य वेग.
मग लगेच पाच किलोमीटर पळणे.
तो नाशिकला बसून लिहितो.
त्याला वाटतं, कुवेत म्हणजे ऊन.

इथे पहाटे साडेचारला सहा अंश,
आणि पाऊस असा, की त्याला पडायचंही धड माहीत नाही.
आडवा येतो, वाळू घेऊन,
दातांखाली कचकचतो.
फहाहीलचा भुयारी रस्ता तुंबलाय.
मधोमध एक पांढरी गाडी, दिवे लागलेले,
आत कोणी नाही,
वायपर मात्र इमानेइतबारे चालू.

जिन्याखाली हारिस शिवय्या रोजचंच विचारतो,
"मॅडम, ड्युटी?"
मी रोजचंच म्हणते, "हो."
ड्युटीला जाताना कोणी मोज्यांवर
खबूसच्या पिशव्या बांधत नाही,
हे त्याला दिसतं. तो विचारत नाही.

बुटांत रात्री वर्तमानपत्र कोंबलं होतं.
ओल्या टाचेवर अरबी बातमी उलटी उमटली आहे.
सुलटी असती तरी वाचता आली नसती.
तशीच पायात घातली.

दिवसभर मी लोकांची हाडं बघते,
काळ्यावर पांढरी.
माझी मला पहाटे ऐकू येतात.
उजवा गुडघा शेहेचाळीस वर्षांचा आहे,
डावा थोडा धाकटा असावा.

मंगळवारी समुद्रात उतरले होते.
पाणी कपाळात घुसलं, डोळ्यांतून बाहेर आलं.
जतजवळच्या विहिरीत मामानं
पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून ढकललं, तेव्हाही असंच झालेलं:
आधी शिवी आठवते, मग हात.

त्रेसष्टाव्या किलोमीटरला मागचं चाक बसलं.
दोन्ही बाजूंना चिखल झालेलं वाळवंट,
लांबवर तंबूंच्या ताडपत्र्या फडफडतायत,
आणि टायर काही रिममधून सुटेना.
बोटं माझी नव्हतीच,
कोणाची तरी उसनी आणलेली.
रडले का? पाऊस होता. हिशेब लागत नाही.

मग धुक्यातून साठ-सत्तर मेंढ्या आल्या
आणि त्यांच्यामागे, मेंढीच्याच कातड्याच्या डगल्यात,
इद्रीस. कोर्दोफानचा.
"बारिद," म्हणाला, आणि हसला,
जणू थंडी त्याचं वात्रट पोर आहे.

त्यानं कळपातली एक ओढून आणली,
माझे हातमोजे ओरबाडून काढले,
आणि दोन्ही हात तिच्या पोटाखाली,
लोकरीत मनगटांपर्यंत खुपसले.
ऊब. शेणाचा, ओल्या कांबळ्याचा, दुधाचा वास.
ती अंग चोरू लागली.
माझी अरबी मशीनपुरतीच:
हलू नका. श्वास घ्या. धरा. सोडा.
तेच तिला सांगितलं.
ती थांबली.

तेव्हा आतून काहीतरी लागलं तळहाताला.
आत बघायला मला मशीन लागतं, अंधारी खोली लागते.
इथे नुसते हात होते, तेही अर्धे बधिर.
पण हाडं मी ओळखते.
तो खूर होता.

पंप इद्रीसनं मारला, त्याच्या भाषेत मोजत.
कुठे चाललीस, त्यानं खुणेनं विचारलं.
मी मागे बोट दाखवलं, घराकडे.
मग आलीसच कशाला, असं काहीसं तो म्हणाला असणार.
मेंढ्या पुढे गेल्या होत्या, तोही गेला.

घड्याळानं नोंद केली: थांबा, एकोणचाळीस मिनिटं.
तक्त्यात कारणाचा रकाना आहे.
तिथे 'पंक्चर' लिहिता येईल.

साडेअकराला पोचले.
साखळीत वाळू, पिशव्या फाटलेल्या,
पाऊस अजून आडवाच.
"मॅडम, ड्युटी खलास?"
"नाही शिवय्या, हे धर,"
म्हटलं, आणि सायकल त्याच्या हातात देऊन
पळायला लागले.